माणूसखाऊ सर

पहिल्या तासाला सर हजेरी घेत नसत. वर्गात यायचे, छत्री फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवायची आणि पहिल्या बाकापासून विचारायला सुरुवात करायची, "तुम्ही काय खात नाही?"

नाव नाही, गाव नाही, बारावीला किती पडले ते नाही. पोरं आधी गोंधळायची, मग एकेक सुरू व्हायचं. डुक्कर. गाय. सोमवारी अंडं. श्रावणात मटण. आळंबी, कारण आजीला त्यानं एकदा त्रास झाला होता. कुणीतरी मागून "कँटीनचा वडा" म्हणायचा, आणि सर तोही तितक्याच गंभीरपणे फळ्यावर लिहायचे. एका वर्षी आटपाडीकडची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "माझे वडील माझ्या ताईच्या घरी पाणीसुद्धा पीत नाहीत. तिला अजून मूल नाही ना, म्हणून." सर खडू हातात धरून तिच्याकडे असे बघत राहिले, की जणू तिनं त्यांना सोन्याची मोहर आणून दिली असावी.

फळा भरला की ते हात झटकत आणि विचारत, "आणि माणूस?"

वर्ग हसायचा. सर हसू ओसरेपर्यंत थांबायचे. "हसलात. म्हणजे फळ्यावर गाय आली, डुक्कर आलं, आळंबी आली, पण माणूस कुणाच्या ध्यानातच आला नाही. सगळ्यात मोठी बंदी असते ना, ती अशी. तिची पाटी कुठंच लावावी लागत नाही."

हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण त्यांचा मानवशास्त्राचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती. मी अर्थशास्त्र शिकवत असे. सीमांत उपयोगिता हा विषय मी बऱ्यापैकी शिकवतो असं माझं मत आहे, पण पलीकडून नरभक्षक ऐकू येत असताना तिच्याकडे कोण लक्ष देणार! माझी पोरं वहीत माझे आलेख काढत आणि कान भिंतीला लावून बसत. काही दिवसांनी मीही तेच करू लागलो.

पोरांनी त्यांना 'माणूसखाऊ सर' हे नाव ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांना ते आवडतही असावं. गंमत अशी, की सर कट्टर शाकाहारी होते. अंडं घातलेला केकसुद्धा ते दोन बोटांनी बाजूला सारत. एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी त्यावरून त्यांना डिवचलं. सर म्हणाले, "गुन्हेगारीशास्त्राचा प्राध्यापक दरोडे घालतो का? मग?"

अंगानं ते वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे. शर्ट नेहमी बाहेर सोडलेला, खिशात दोन पेनं, त्यातलं एक हमखास गळकं. सहकाऱ्यांना ते नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. मी 'अर्थशास्त्र' होतो. "काय हो अर्थशास्त्र, चहा?" आमचे प्राचार्य मूळचे वनस्पतिशास्त्राचे, त्यामुळे त्यांनाही भर बैठकीत "वनस्पतिशास्त्र, तुमचं म्हणणं मला पटत नाही" असं ऐकावं लागे. प्राचार्यांना ते खटकायचं. खुर्चीवर बसल्यापासून त्यांना आपण कधीकाळी झाडांची पानं मोजत होतो याची आठवण नको असे.

सरांचा एक सिद्धांत होता. त्याला ते सिद्धांत म्हणत नसत, 'नदीची भानगड' म्हणत. माणूस खाणारा माणूस कुठल्याही गावात विचारा, तो नदीपलीकडं राहतो. हे तपासायला ते रविवारी एसटीनं गावोगाव फिरत. बायको नव्हती, घर भाड्याचं, रविवार मोकळा. दोन-चार वेळा मीही गेलो.

उंब्रजला हायवेच्या कडेला चहाच्या गाड्यावर एक म्हातारबा बसले होते. सरांनी चहा पाजला आणि हळूच विषय काढला. पूर्वी कुठं माणूस खाणारे होते म्हणतात, खरं काय?

"आमच्यात असलं न्हाई गड्या," म्हातारबा ठसक्यात म्हणाले. "घाटाखाली असत्याल. कोकनात. तितं भुतंखेतं बी लय."

"आणि कोकणात विचारलंत का?" मी परतताना सरांना विचारलं.

"गेल्या मे महिन्यातच विचारलं. घाटावरचे, म्हणाले."

औंधला यमाईच्या डोंगराखाली नारळ विकणाऱ्या बाईनं पूर्वेकडं हात केला. "तकडं, मानदेशात. दुस्काळी मुलूख त्यो. प्वाट जाळत असलं की मानूस काय बी खातंय." आटपाडीत एका किराणा दुकानदारानं हिशेब थांबवून सांगितलं, की असले प्रकार हद्दीपलीकडं, कर्नाटकात. मी म्हटलं, "आता कर्नाटकात गेलं, की ते आटपाडीकडे बोट दाखवतील."

"गेलो होतो," सर म्हणाले. "दाखवलं."

याचा अर्थ जगात कुणी कधी माणूस खाल्लाच नाही असं सर म्हणत नसत. माणसानं माणूस खाल्ला आहे. भुकेनं खाल्ला आहे, सुडानं खाल्ला आहे, आणि काही ठिकाणी मायेनंसुद्धा. पण ज्यांनी खाल्ला त्यांच्यापेक्षा ज्यांच्यावर आळ आला ते कितीतरी जास्त. आणि आळ घेणारे तरी कोण? गोरे लोक बोटीतून उतरून ज्याला त्याला नरभक्षक ठरवत फिरत होते, त्याच काळात त्यांच्याच मुलखात औषधवाल्याच्या दुकानात इजिप्तमधल्या जुन्या प्रेतांची पूड मिळायची आणि बडे लोक ती औषध म्हणून घ्यायचे. "तिला खाणं म्हणायचं नाही. तो उपचार," सर सांगत. "आपण खातो ते औषध. ते खातात ते पाप."

मध्यंतरी आमच्या भागात पोरं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. किडन्या काढतात, अमुक करतात, तमुक करतात. स्टाफरूममध्ये भूगोलाच्या सरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. सरांनी एवढंच विचारलं, "कुठली माणसं आहेत म्हणे?" भूगोलाचे सर म्हणाले, "बाहेरची." सरांनी चहाचा घोट घेतला. "बाहेर हे कुठं येतं, भूगोल?"

आता सरांचा सगळ्यात गाजलेला पराक्रम सांगितलाच पाहिजे. आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय चर्चासत्र भरलं. राष्ट्रीय अशासाठी, की एक वक्ते बेळगावहून आले होते. दीपप्रज्वलन झालं, समई तीनदा विझली. स्वागतगीत झालं. शाली, नारळ, रोपं आणि पुन्हा शाली झाल्या. संस्थेचे अध्यक्ष हे रस्त्यांचे कंत्राटदार. त्यांनी समाजशास्त्र हे समाजाचं शास्त्र आहे असं सांगून भाषण संपवलं. या सगळ्यात वेळ गेला आणि सरांचा निबंध नेमका जेवणाच्या आधी आला.

मागच्या मंडपातून मटणाचा वास येत होता. तांबडा रस्सा उकळतोय हे श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं. सर व्यासपीठावर उभे राहिले आणि माणसाच्या मांसाबद्दल, ते कुठं कसं शिजवलं गेलं, कुणाला कुठला भाग मिळे, बायकांना काय आणि पोरांना काय, हे त्यांनी अत्यंत शांतपणे, संदर्भांसकट आणि एकही विनोद न करता सांगितलं. जणू कुणी पुरणपोळीची कृती सांगतंय.

जेवायच्या रांगेत त्या दिवशी सगळा राष्ट्रीय विद्वत्समाज वरणभाताकडे वळला. मटणाची पातेली भरलेलीच राहिली. अध्यक्ष सरांना गाठून म्हणाले, "सर, आमी कापलेल्या चार बोकडांचं तुमी वाटोळं केलं."

"साहेब, मी त्यांना वाचवलं असतं तर बरं झालं असतं," सर म्हणाले. "पण कार्यक्रमपत्रिकेत माझा नंबर उशिरा होता."

पुढच्या वर्षी प्राचार्यांनी सरांच्या निबंधाचा विषय स्वतःच्या हातानं बदलून 'आहारविषयक निषेध: एक दृष्टिक्षेप' असा केला आणि वेळ जेवणानंतरची दिली.

हे सगळं आठवलं की मला अजून हसू येतं. ती प्लायवूडची भिंत आता नाही, तिथं विटांची पक्की भिंत झाली आहे आणि पलीकडून काहीच ऐकू येत नाही. सर निवृत्त झाल्यावर त्यांचा विषयही बंद झाला. कुणी घेत नाही म्हणे. पण सर म्हटलं की मला चर्चासत्र आठवत नाही, आठवते ती बाजारपेठेच्या तोंडाशी असलेली मंगलवहिनींची खानावळ.

सर दोन्ही वेळा तिथंच जेवत. मीही घरचे गावाला गेले की जात असे. पत्र्याचं छप्पर, आठ-दहा बाकं, दाराला लागूनच चूल. मंगलवहिनी भाकरी थापत आणि त्यांचा नवरा वाढपाचं बघे. तो मोठा हसतमुख माणूस. जागा त्याच्या आईच्या नावावर. ही आई म्हणजे आक्का. त्या दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवत आणि सरांना "घासफूस खानारं मास्तर" म्हणत. मंगलवहिनी आटपाडीकडच्या. लग्न दोघांनी आपल्या मनानं केलेलं, त्यामुळे माहेरानं त्यांचं नाव टाकलं होतं. लग्नानंतर वर्ष व्हायच्या आत सासरे गेले. तेव्हाच भावकीतल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं होतं.

आणि मग एका सकाळी नवरा गेला. खानावळीचा भाजीपाला आणायला म्हणून निघाला होता, छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

आम्ही दोघं स्मशानात गेलो. दुपारी भावकीतल्यांना घरी पोचवायला म्हणून परत आलो तेव्हा आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मंगलवहिनी आतल्या कोपऱ्यात. त्यांच्याजवळ एकही बाई बसलेली नव्हती. आक्का कुणाकडंही न बघता बोलत होत्या, "आल्या आल्या माझा धनी खाल्ला. आता ल्योक खाल्ला. आता मला खा म्हनावं, म्हंजी सपलं."

मयताच्या चुलत भावाचा आवाज तेवढा स्वच्छ होता. तो अंगणात उभा राहून दोघा-तिघांना सांगत होता, की तेराव्यानंतर हिला आटपाडीला पोचवायची; खानावळ काय चालणार, हिच्या हातचं आता कोण खाणार? जागा रस्त्याला लागून हाय, तितं मोबाइलचं दुकान चांगलं चालंल. सर हे ऐकत होते. त्यांचा चेहरा मी इतका गंभीर कधीच पाहिला नव्हता. परतताना म्हणाले, "बघितलंत, अर्थशास्त्र? नदीपलीकडं कुणी सापडलं नाही, की नदी घरात आणतात."

आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. त्या दिवशी संध्याकाळच्या आत सोयऱ्यांनी शिजवलेलं अन्न घेऊन जायचं आणि घरच्यांना बळंबळं दोन घास खायला लावायचे. त्याला कडू घास म्हणतात. भावकीला सुतक, म्हणून हे काम सोयऱ्यांचं. बाईचा नवरा गेला तर तिच्या माहेरची वाट बघतात. मंगलवहिनींचं माहेर काही येणार नव्हतं, आणि ते आलं नाही की आक्कांच्या बोलण्यावर शिक्कामोर्तब होणार होतं: हिला तिच्या आईबापानंसुद्धा टाकली, ती उगीच नाही.

सर खोलीवर आले, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि तांदूळ धुवायला लागले.

"सर, तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"चहा येतो."

"आणि कडू घास सोयऱ्यांनी न्यायचा असतो. आपण कोण?"

"सोयरा म्हणजे जो रक्ताचा नाही तो. आपण रक्ताचे आहोत का? नाही. झालं तर मग."

सरांची घरमालकीण मुसलमान, नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान. सगळी गल्ली तिला खाला म्हणे. ती दारात येऊन पातेल्यात डोकावली. "आवं सर, पानी किती वतलंय? भात करताय का म्हशी धुताय?" मग तिनं तिथं उभ्यानंच सगळं सांगितलं, डाळ कधी, मीठ किती, आच कशी. "आमच्यात बी तीन दिवस मयताच्या घरात चूल न्हाई. शेजारपाजारचं द्यायचं असतं." सर म्हणाले, "मग तुम्हीच द्या ना भाकऱ्या." खाला हसली. "दिल्या असत्या की. पर तितं उगा कुनाच्या तोंडाला इषय नको. त्या पोरीवर आदीच काय कमी हाय का? तुमीच करा." त्या बोलण्यात तक्रार नव्हती. ढग आलेत, छत्री न्या, असं सांगावं तसं ती बोलली. सर पातेल्याकडं बघायचं विसरले. त्यामुळं भात खाली लागला.

दिवस मावळायच्या आधी आम्ही करपलेल्या भाताचं पातेलं आणि डाळीचं भगुणं फडक्यात बांधून त्या घरात शिरलो. एक बाई पुढं आली.

"कुनाकडनं आलंय ह्ये?"

"माहेराकडनं," सर म्हणाले.

"कुनाच्या?"

"वहिनींच्या. मंगलच्या."

चुलत भाऊ दारातून आत आला. "आवं सर, तुमी कवापास्नं हिचं म्हायेर झाला?"

"आत्ता. भात शिजल्यापासून."

कुणी हसलं नाही. मी भात दोन ताटल्यांत वाढला. एक आक्कांपुढं ठेवली, एक मंगलवहिनींपुढं. आक्कांनी ताटली हातानं लांब सारली. "तिच्या म्हायेरचं मला नगं. जा घिऊन."

इथं कुणीही शहाणा माणूस नमस्कार करून उठला असता. सर आक्कांसमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आक्का, लांब तिकडं दक्षिण अमेरिकेच्या जंगलात काही लोक होते. आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत. त्यांच्यात माणूस मेला की त्याला खात असत."

मी त्यांचा शर्ट मागून ओढला. दोन्ही हातांनी ओढला. चुलत भाऊ म्हणाला, "ह्यो मास्तर येडा झालाय काय?" एका बाईनं पदर तोंडाला लावला. सर आक्कांकडंच बघत होते. सांत्वन म्हणून या माणसाजवळ जगात हे एवढंच होतं आणि त्यानं ते आणलं होतं.

आक्कांनी सरांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "पुरत न्हाईत व्हय? जाळत न्हाईत?"

"पुरायचं म्हणजे त्यांना वाईट वाटायचं. थंड, ओल्या मातीत आपलं माणूस एकट्याला टाकून यायचं. ते त्यांना निर्दयपणाचं वाटे."

"मंग आपलं बरं म्हनायचं," आक्का पुटपुटल्या. "माजा ल्योक उबंत गेला."

"हो."

"आन खायाचं कुनी? आईनं?"

"नाही, नाही. आईनं नाही. आईनं, बायकोनं, भावानं हात लावायचा नाही. त्यांनी नुसतं रडायचं. खायचं सोयऱ्यांनी. त्यांनाही ते आवडायचं नाही, पण सोयऱ्याला नाही म्हणता येत नसे. घरच्यांच्या गळ्याखाली घास जात नाही, म्हणून ते काम सोयऱ्यांचं."

"आईला घास उतरत न्हाई," आक्का म्हणाल्या, "ह्ये तितं जंगलात बी म्हाईत हाय?"

"हो आक्का."

"आन बायकूला?"

"बायकोलाही नाही. दोघींना एकाच ओळीत बसवलेलं आहे. आई आणि बायको."

आक्कांनी मान वळवून कोपऱ्याकडं पाहिलं. मला वाटतं त्या दिवसभरात पहिल्यांदाच पाहिलं. मंगलवहिनी पुढ्यातल्या ताटलीकडं बघत होत्या. हात मांडीवर, बोटांना सकाळच्या भाकरीचं पीठ तसंच वाळलेलं. नवऱ्याची बातमी आली तेव्हा त्या चुलीपुढं होत्या, तेव्हापासून कुणी त्यांना हात धू म्हटलं नव्हतं.

आक्का भिंतीला धरून उठल्या. तांब्या घेतला, कोपऱ्यात गेल्या, सुनेचे हात ओढून त्यावर पाणी ओतलं आणि ते पीठ आपल्या बोटांनी चोळून काढलं. मग तिथंच टेकल्या.

"घे. दोन घास मी घेते, दोन तू घे." एक घास तोंडात घालून त्या थांबल्या. "मास्तर, भात करपलाय."

"हो," सर म्हणाले. "पहिलाच आहे."

चुलत भाऊ काहीतरी बोलायला पुढं आला. आक्कांनी त्याच्याकडं न बघता सांगितलं, "तू बाहीर बस रं. बायका जेवत्यात."

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण गावाला जंगलातल्या सोयऱ्यांचं काय! तेरावं झालं, मंगलवहिनींनी चूल पेटवली आणि खानावळीत सर आणि मी असे दोघंच जेवायला. ड्रायव्हर लोक पुढच्या खानावळीत जाऊ लागले. नेहमीची गिऱ्हाइकं समोरून जाताना मोबाइल कानाला लावत. उरलेल्या भाकऱ्या संध्याकाळी गुरांना जात. चुलत भावानं एक दिवस जागेचं माप घेतलं. सर दुपारी दोन भाकऱ्यांऐवजी चार खाऊ लागले आणि त्यांचं पोट बिघडलं. मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही एकट्यानं खाऊन बाजार फिरणार नाही. हे अर्थशास्त्र आहे."

"मग काय करायचं?"

मी त्यांना सुचवलं, की झाल्या प्रकारावर निबंध तरी लिहा, चर्चासत्रात वाचा, चार लोकांना कळेल. ते नाही म्हणाले. "त्या दिवशी मी निरीक्षक नव्हतो, अर्थशास्त्र. मी माहेर होतो."

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी आक्कांनी दाराशी बसायची आपली जागा बदलली. त्यांनी पाट उचलला आणि पार रस्त्याच्या कडेला, जिथून आख्खा बाजार जातो, तिथं टाकला. सुनेला हाक मारून ताट मागवलं. भर उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडासमोर त्या सुनेच्या हातची भाकरी मोडून जेवायला बसल्या. म्हातारी बाई, लेकाचा महिना व्हायचा होता, आणि ती रस्त्यावर बसून जेवते हे बघायला लोक थांबलेच. आक्का घाई न करता एकेक घास चावत होत्या.

"काय बघतायसा?" त्या एका भाजीवालीला म्हणाल्या. "भाकरी हाय. जीव न्हाई जात. बस आत."

भाजीवाली सकाळपासून उपाशी होती. बसली. तिच्यामागून तिची जोडीदारीण बसली. मग बैल बघायला आलेले दोन पाहुणे, त्यांना या गावातलं काहीच माहीत नव्हतं, ते बसले. मग नेहमीचा एक ड्रायव्हर, मान खाली घालून, कोपऱ्यातल्या बाकावर. आक्कांनी त्याला नावानं हाक मारून मोठ्यानं विचारलं, "कुटं हुतास रं इतकं दिवस? आजारी हुतास?" तो "व्हय आक्का" म्हणाला. आक्का म्हणाल्या, "बघ, अंग उतरलंय तुजं. भाकरी वाढीव घे."

आम्ही कॉलेज सुटल्यावर पोचलो तेव्हा एकही बाक रिकामं नव्हतं. मंगलवहिनी घामानं भिजलेल्या होत्या आणि त्यांना मान वर करायलाही सवड नव्हती. सर सवयीनं थेट आत शिरायला लागले, तशी आक्कांनी काठी आडवी धरली.

"मास्तर, थांबा."

"का आक्का? भूक लागलीये."

"लागू द्या. गिऱ्हाईक जेवल्याबिगर घरच्यानं बसायचं असतं का? तुमी मागनं. सुनेबरुबर."

सर उंबऱ्याबाहेर उन्हात उभे राहिले. शेवटचं गिऱ्हाईक हात धुऊन उठेपर्यंत ते तिथंच उभे होते, रिकाम्या पोटी. त्यांना मी यापूर्वी शाली घेताना पाहिलं होतं, तेव्हा ते इतके सुखावलेले कधी दिसले नव्हते.